सतरा नंबरची फांदी

३ मार्च

ही वही ऑफिसची. पुढच्या बाजूनं झाडाचा नंबर, तारीख, ऊन की ढग, एवढंच लिहायचं. मागच्या बाजूनं मी माझं लिहिणार. कोरी पानं वाया गेलेली मला बघवत नाहीत. शाळा चौथीपर्यंत, त्यातलं एक वर्ष आजारपणात गेलं, तेव्हा अक्षर जसं येईल तसं येईल. वाचणार कोण आहे.

फळांच्या शेडमध्ये बावीस वर्षं पट्ट्यासमोर उभी होते. फळ समोरून सरकत जायचं, आणि हात न लावता मी डाग सांगायची. मग कॅमेरा लावलेलं मशीन आलं आणि आम्हा अकराजणींना घरी बसवलं. आता माझ्याच हातात कॅमेरा दिलाय. म्हणजे एका कॅमेऱ्यानं काम घेतलं, दुसऱ्यानं दिलं.

काम असं. संशोधन केंद्राची एक जुनी बाग आहे, चाळीस झाडांची. संत्री, मोसंबी, लिंबू, पपनस, सगळी एकात एक. म्हातारी झाडं, प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला. पानांतला रस पिणारे किडे शोधायचे आणि फोटो काढायचे. फोन ऑफिसचा, त्याला भिंगाचा चिमटा लावलेला.

ऑफिसातल्या मॅडमच्या गळ्यातही भिंग असतं. मनात मी तिला भिंगबाई म्हणते. तिनं किडे दाखवले. मावा, पिठ्या ढेकूण, खवले. हे नुसते चोर, म्हणाली, खरा वैरी सिला. तिळाएवढा, करडा. "तो डोकं फांदीला टेकवतो आणि मागचा भाग वर करून बसतो."

मी म्हटलं, "ढुंगण वर करून."

"तसंच. पण वहीत असं लिहू नका."

पुढच्या बाजूला नाही लिहिलं.

हा किडा नुसता रस पीत नाही, एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडात सोडतो. औषध नाही. फळं वाकडी आणि कडू होतात, आणि पाच-सहा वर्षांत झाड उभं वाळतं. तिनं दोनदा बजावलं, "फोटो झाडावरच काढायचा. फांदी तोडायची नाही, कुठे न्यायची नाही." मी हो म्हटलं. शिकलेली माणसं प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात.

६ मार्च

काम वाटलं तितकं सोपं नाही. वारा पान धरू देत नाही. एका हातात फांदी, एका हातात फोन, आणि मुंग्या बाहीत. मावा गोड चिकट पाणी सोडतो, ते चाटायला मुंग्या येतात, आणि कुणी जवळ आलं की चावतात. त्यांचं दुकानच ते. शंभर फोटोंतले सहा बरे आले.

११ मार्च

भिंगबाईनं आज फोटो बघून तोंड वाकडं केलं. "हे काय आहे? किडा आहे की पानावरची धूळ?" शेजारच्या टेबलावरचा पोरगेलासा नकाशावाला गालात हसला. बावीस वर्षांत माझं काम कुणी परत केलं नव्हतं.

बागेत परत गेले. सतरा नंबरच्या शेंड्यावर सिला बसले होते, सात मोजले, कवायतीला उभे केल्यासारखे. फोटो हलला. परत काढला, परत हलला. मग शेंडाच मोडला आणि पिशवीत टाकला.

भावाचं घर बागेच्या मागच्या फाटकापासून दहा मिनिटांवर. तिथल्या ओट्यावर टेबल आहे, उत्तरेचा उजेड आहे, वारा नाही. माझ्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. पांढऱ्या बशीत फांदी ठेवली आणि फोटो काढला. सिलाच्या पायावरचे केससुद्धा दिसले.

१२ मार्च

धाकट्या भावाबद्दल लिहायचं राहिलं. त्याची रोपवाटिका आहे. मोसंबी आणि लिंबाची कलमं, चार हजार काळ्या पिशव्या, ओट्यापासून कुंपणापर्यंत रांगेत. कलम बांधायला त्याच्यासारखा हात नाही. चाकू असा फिरवतो की झाडाला कळतसुद्धा नाही. परवाना भिंतीवर काचेत लावलाय. परक्या माणसाला तो चपला काढायला लावतो, हात धुवायला लावतो. बायको म्हणते, आमच्याकडे पाहुणा कमी आणि रोप जास्त.

आज मी पिशवीतून फांदी काढली तर तो कलम बांधायचं सोडून आला.

"ताई, बाहेरची फांदी आत आणू नये गं."

"मला शिकवू नकोस. तुझा शेंबूड मी पुसलाय."

आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, मी तेराची. तो गेला परत कामाला. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्हाला चालतं म्हणजे ऑफिसलाही चालत असेल." मी म्हटलं, चालतं.

२ एप्रिल

भिंगबाई खूश. माझा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, येणारे-जाणारे बघतात. "तुमचा हात आता स्थिर झाला," म्हणाली. हात पहिल्यापासून स्थिर होता, झाड स्थिर नव्हतं. हे मी बोलले नाही.

सतरा नंबरचे फोटो सगळ्यांत चांगले येतात. पिल्लं चपटी, केशरी, मागून पांढरा दोरा सोडतात. मोठे मात्र हरामखोर. बशीत ठेवले की दोन मिनिटं बसतात आणि मी भिंग जवळ नेलं की उडून जातात मेले. फूटभर उडी. पहिल्या फोटोत सात, दुसऱ्यात चार. वहीत पुढच्या बाजूला 'उडाले' म्हणून लिहून टाकते.

१७ एप्रिल

माझं काम झालं की पसारा राहत नाही. फडकं ओट्यावरून झटकते आणि फांद्या पाचोळ्याच्या खड्ड्यात टाकते. भावजयीला सांगितलं, बघ, येणाऱ्याला कळणारही नाही इथे कुणी काम करून गेलं. ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या हाताला वळण आहे." आहेच.

धाकटा हल्ली मी आले की मागच्या रांगांत जातो. विचारलं तर म्हणतो, काम आहे. लहानपणापासून असाच. मनात काही असलं की पाठ करतो.

६ मे

ओट्याच्या कडेच्या पिशव्यांमध्ये कोवळे शेंडे आखडलेत. धाकट्यानं मला हाक मारली, "ताई, जरा बघतेस?" चिमटा लावून बघितलं. केशरी पिल्लं, पांढरा दोरा. एका शेंड्यावर दोन मोठे, ढुंगण वर.

त्याला सांगायच्या आधीच त्याला कळलं. तो पायरीवर बसला. भावजय आतून विचारत होती, काय झालं, काय झालं.

नियम तिघांनाही माहीत आहे. रोपवाटिकेत एका रोपावर जरी सिला सापडला, तरी सगळी रोपं उपटून जाळायची.

मग मला सुचलं. शेजारच्या मास्तरांचं कुंपण कुंतीचं आहे, पांढऱ्या वासाच्या फुलांचं. ऑफिसात भिंगबाईनं लावलेल्या किड्यांच्या तक्त्यात कुंती आहे, त्यावर सिला राहतो. मी म्हटलं, "हा त्या कुंपणातून आला. दुसरा कुठून येणार? आभाळातून?"

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. 

७ मे

मास्तरांकडे मीच गेले. एकटेच असतात, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. कुंपण त्यांच्या बायकोनं लावलेलं. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "मास्तर, तुमच्या सुगंधापायी माझ्या भावाचं वाटोळं झालं."

ते म्हणाले, "तुम्ही बघितलात का माझ्या कुंपणावर किडा?"

"बघायची गरज नाही. तक्त्यात लिहिलंय."

मी बघितलं होतं, अर्धा तास. मुंगीसुद्धा नव्हती. पण किडा एका जागी थोडाच बसून राहतो.

९ मे

मास्तरांनी माणूस लावून कुंपण मुळासकट काढलं. माणूस खणत होता आणि ते खुर्ची टाकून बसले होते. आमच्याकडे बघितलं नाही.

भावजय म्हणते, "आता वन्सं, दोन-तीन फवारे मारू आणि गप्प बसू. कुणाला कळणार नाही. तुम्हीच तर ऑफिसच्या." मी म्हटलं, किडा तो किडा. झाकला तर वाढतो. रोपं अजून विकली जातायत, ती कुणाकुणाच्या दारात जातील. ती रडली. धाकटा म्हणाला, "ताईला म्हणावं, ऑफिसात कळव." माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

उद्या ऑफिसात जाऊन सांगणार. परवाना राहील, नव्यानं रोपं करील. हात तर त्याच्याजवळच आहे.

१३ मे

सांगितलं. भिंगबाई दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेली, एकशे बारा रोपांवर निघाला. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही सख्ख्या भावाचं कळवलंत, सोपं नाही." मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज आज संध्याकाळी वाटतेय.

२१ मे

ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझे फोटो मांडलेले, अठरा. पलीकडे नकाशा. नकाशावर लाल ठिपके.

नकाशावाला म्हणाला, "मावशी, फोटो काढला की फोन जागाही लिहून ठेवतो."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सहा मार्चपर्यंतचे ठिपके जुन्या बागेत, सगळीकडे सांडलेले. अकरा मार्चपासून एकाच जागी, इतके एकावर एक की मोठा डाग दिसत होता. धाकट्याचा ओटा.

भिंगबाई आता खांद्यावर हात ठेवत नव्हती. "वहीत सतरा नंबर लिहिलंय आणि फोटो तुमच्या भावाच्या घरी काढलाय. म्हणजे किडा त्याच्याकडे मार्चपासून आहे. तुम्ही तो जुन्या बागेच्या नावावर खपवत होतात. आणि तो दोन महिने तीच रोपं लोकांना देत होता."

मी म्हटलं, "काहीतरीच काय. मी फांद्या तोडून तिकडे नेत होते. उजेडासाठी."

"फांदी तोडायची नाही असं मी सांगितलं होतं."

"म्हणून तर बोलले नाही."

"आणि आता बोलताय." ती फोटो गोळा करायला लागली. "बहीण आहात, म्हणणारच."

परवाना कायमचा जाईल, म्हणाली. वरती कळवणार. लपवून रोग पसरवला म्हणून खटला होईल. सोमवारी भावाला घेऊन या.

२२ मे

घरी बसलेय. भांडी घासली, परत घासली.

पहिल्या फोटोत सात. दुसऱ्यात चार. मी वहीत लिहिलंय, 'उडाले'. पुढची पानं उलटून बघितली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. उडाले, तीन. उडाले, पाच. उडाले, मोजले नाहीत. फडकं ओट्यावरून झटकत होते ते रोपांच्या पहिल्या रांगेवर. खड्डा दुसऱ्या रांगेला लागून.

माझंच अक्षर आहे.

धाकट्याला मी म्हटलं होतं, आभाळातून येणार का.

२३ मे

डोकं फोडून घेऊन उपयोग नाही. धाकट्यानं लपवलं नाही एवढं तरी सिद्ध व्हायला पाहिजे. माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तेव्हा जे खोटं बोलू शकत नाही असं काहीतरी हवं.

भिंतीवर लावलेल्या फोटोची एक प्रत भिंगबाईनं मला दिली होती. दारात उजेडाला धरून बघितली. सगळे किडा बघतात. मी बावीस वर्षं फळ बघितलंय, पान बघितलंय. पानाच्या देठाला खाली आणखी एक छोटं रुंद पान जोडलेलं, बदामासारखं. मोसंबीला असं नसतं. लिंबाला असलं तर नावाला. एवढं रुंद पपनसालाच.

सतरा नंबर पपनस आहे. धाकट्याकडे पपनसाचं एकही रोप नाही, कधी नव्हतं.

म्हणजे हा फोटो दाखवला की तो सुटतो. आणि फांदी मीच नेली हे पक्कं होतं. बरं, होऊ दे.

पण त्याच्यासमोर बोलावं लागणार. ऑफिसातल्या खोलीत, परक्यांसमोर. त्याआधी घरी जाऊन सांगावं म्हणून निघाले, त्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला कुणाची भीती कधी वाटली नाही असं मी लोकांना सांगत असते.

२६ मे

धाकटा स्वच्छ शर्ट घालून आला होता. कागदांची पिशवी मांडीवर. भिंगबाईनं आरोप वाचून दाखवला. तो ऐकत होता. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

मी उठले आणि माझ्याकडची प्रत टेबलावर त्या अठरा फोटोंशेजारी ठेवली. "मॅडम, तुम्ही किडा बघितलात. आता पान बघा."

तिनं भिंग लावलं. एक बघितला, दुसरा बघितला, अठराही बघितले. मग नकाशावाल्याला म्हणाली, सतरा नंबरच्या चार फांद्या... मग थांबली आणि म्हणाली, नको, आपणच तिकडे जाऊन बघू. तिनं स्वतःचा नियम मोडला नाही.

धाकट्यानं एक फोटो उचलला. "पपनस आहे," म्हणाला. "माझ्याकडे पपनस नाही." मग तो फोटो हातातच राहिला त्याच्या. खाली बशीची कड दिसत होती, त्याच्या घरची.

मी सगळं सांगितलं. अकरा मार्चपासून. सात होते, चार राहिले. फडकं कुठे झटकलं, फांद्या कुठे टाकल्या. मास्तरांचं कुंपण. त्यानं मला अडवलं होतं आणि मी काय बोलले, तेही. ते सांगताना नकाशावाला खाली बघायला लागला. भिंगबाईनं लिहून घेतलं आणि मी सही केली. सही मला करता येते.

धाकट्यावरचा आरोप काढला. परवाना राहील, दीड वर्ष बंद. मार्चपासून दिलेली सहाशे रोपं शोधून परत आणायची. मला कामावरून काढलं. फोन तिथेच ठेवला. वही मागितली, तेव्हा पुढची लिहिलेली पानं फाडून दिली.

बाहेर आल्यावर म्हटलं, "अरे."

तो म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. पहिल्या दिवसापासून." आणि पुढे चालायला लागला.

म्हणजे सहा मेला मी कुंपणाचं बोलले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता ते त्यासाठी.

२९ मे

जाळलं. चार हजार. पिशव्या फाडायच्या, रोप ओढायचं, ढिगावर टाकायचं. ऑफिसची चार माणसं होती, मी पाचवी. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. कलम जिथे बांधलेलं तिथे एक गाठ असते, प्रत्येक रोपाला. प्रत्येक गाठ त्याच्या हातची. हाताला लागत होत्या.

ओल्या पानांना आग लवकर धरत नाही. धरली तेव्हा लिंबाचा असा वास सुटला की रस्त्यावरची माणसं थांबून विचारायला लागली, काय चाललंय, छान वास येतोय.

धाकटा आत होता. भावजय दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर म्हणाली, "वन्सं, तुमच्या डोक्यावर राख पडलीय." पुसायला हात नाही उचलला.

४ जून

मास्तरांकडे गेले. म्हटलं, कुंपणाचा दोष नव्हता. मीच आणला.

ते म्हणाले, "मी त्याच दिवशी विचारलं होतं, बघितलंत का."

"बघितलं होतं. काही नव्हतं."

त्यांनी कुंपण होतं तिकडे बघितलं. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, बघा आणि मग लिहा. तुम्ही बघितलंत आणि भलतंच बोललात. तुम्ही जा आता."

मी आले.

१९ जुलै

सहाशेपैकी पाचशे चाळीस रोपं परत मिळाली. दारोदार मी जाते, पत्ते धाकट्याच्या वहीतले, भावजय लिहून देते. लोक विचारतात का, तेव्हा सांगते. एका म्हाताऱ्यानं आपलं लिंबाचं रोप द्यायला नकार दिला, म्हणाला, मला आणि त्याला सारखीच वर्षं राहिलीत. त्याचं काय करायचं ते कळेना, तिथेच बसून पानं तपासली. त्याच्यावर काही नव्हतं. तरी उपटलं. नियम आहे.

१६ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. एका खानावळीत भाजी निवडते. डाग असलेली बाजूला काढायची. डोळे अजून चांगले आहेत.

परवानगीनं धाकट्यानं जाळीचं घर उभारलंय, असं भावजयीकडून कळलं. बंदी आहे ती विकायला. आत खुंटरोपं लावून ठेवली आहेत, पुढच्या वर्षी कलमं बांधायला. बारीक जाळी, दोन दारं. एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आज सुट्टी होती, म्हणून बघायला गेले. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हातात पिशवीसुद्धा नाही.

तो फाटकाशीच आला. बारीक झालाय. फाटक उघडलं नाही.

"ताई, इथंच थांब."

"का रे, आत काय सोनं पुरलंय?"

"रोपं लहान आहेत."

"मी नुसती बघते. लांबून."

"नको."

आवाज चढवला नाही. पाठ केली नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला. बेचाळीस वर्षांचा आहे, आजवर त्यानं मला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. जिभेवर आलं होतं, शेंबडाचंच. गिळलं.

म्हटलं, "बरं."

त्यानं फाटकाची कडी परत तपासली. मग म्हणाला, "उगवण चांगली आहे. शंभरात नव्वद." आणि गेला. पहिलं दार लावलेलं ऐकू आलं, मग दुसरं.

भावजय चहा घेऊन फाटकापर्यंत आली, वरून कप दिला.  तिचं आत गॅसवर काहीतरी होतं, ती गेली. मी रस्त्यावर उभ्यानं चहा प्यायले. जाळीतून तो वाकलेला दिसत होता, पान उलटून खालची बाजू बघत होता. एकेक पान.

कप विसळायला आत जाता येत नव्हतं. उष्टाच फाटकाच्या खांबावर ठेवला आणि आले.